वसंताचा बोर्ड आणि शीतलचं कार्ड

वसंता गेला आणि त्याचा कॉम्प्युटर चालू झाला.

आज वर्ष झालं. मला अजून यातलं काही कळलेलं नाही, म्हणून लिहितोय. तुम्हाला कळलं तर सांगा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: वसंता माझा शाळेपासूनचा दोस्त. डहाणूत त्याचं डीटीपीचं दुकान होतं. नरपडपासून तलासरीपर्यंत किती जणांच्या लग्नपत्रिका त्याने कॉम्प्युटरवर लावल्या. माझी पण त्यानेच.

मग लोक पत्रिका मोबाईलवर पाठवायला लागले. त्याने दुकान बंद केलं, कॉम्प्युटर नरपडला घरी पुढच्या खोलीत आणून ठेवला आणि चिकूच्या वाडीत लक्ष घातलं.

त्याच्या शीतलचं लग्न ठरलं आणि हा परत कॉम्प्युटरवर बसला.

"गावातल्या सगळ्या पोरींची कार्डं मी लावली. माझ्या पोरीचं काय फॉरवर्ड करू?"

भानगड अशी, की त्याचं जुनं मराठी सॉफ्टवेअर फक्त त्याच मशीनवर चालायचं. मागे प्रिंटरच्या पोर्टला एक लॉक लावायला लागायचं, आणि आताच्या कॉम्प्युटरला ते पोर्टच नसतं. फाईल दुसरीकडे उघडायचीच नाही.

कार्ड लावून झालं होतं. कडेने चिकूच्या डहाळीची बॉर्डर, स्वतः माउसने काढलेली. मुहूर्ताची वेळ तेवढी भटजींकडून यायची होती.

ती आली आणि कॉम्प्युटरचा मदरबोर्ड बसला.

पंखा फिरतो. लाईट लागतो. स्क्रीन काळी.

मी तलासरीला शाळेत मास्तर. रविवारी सकाळच्या एसटीने डहाणू, तिथून रिक्षाने नरपड. गेल्या गेल्या दोघं बोर्ड उघडून बसायचो.

रॅम काढली, खोडरबरने घासली, लावली. काळी.

सेल बदलला. काळी.

पॉवर सप्लाय दुसऱ्याचा मागून आणला. काळी.

"आता रॅम काढून चालू कर," वसंता म्हणाला. "बोर्ड जिवंत असेल तर बीप देऊन ओरडेल."

चालू केला. कान लावून बसलो. काही नाही.

"मेला म्हणजे," मी म्हटलं.

"मास्तर, जरा शुभ बोल की! जवा दे ने, सोड आता, पुढच्या रविवारी बघू."

एका रविवारी माझी एसटी चुकली, भर दुपारी पोचलो. त्या दिवशी पहिल्याच फटक्यात ओरडला! वसंता खुर्चीतून उडालाच. पण विंडोज यायच्या आत परत गप्प.

तोच बोर्ड, तेच आम्ही. मग आज का? डोकं पार आऊट झालं.

वसंता जुन्या काळच्या कॉम्प्युटर क्लासमधून शिकलेला. चपला बाहेर, पडदे बंद, मशीनला गरमी लागता कामा नये. पौषातल्या सकाळी पण बोर्डवर टेबल फॅन लावलेला. मी स्वेटर घालून बसायचो.

"त्याला थंडी वाजत असेल हो," वहिनी चहा देताना म्हणायच्या.

आम्ही हसायचो.

मग एका सकाळी तो वाडीतून आला, खुर्चीत बसला आणि गेला. डॉक्टर म्हणाले, हार्ट. कधी तक्रार नाही, रिपोर्ट नॉर्मल. ना बीप, ना काही. असं कसं जाईल रे कोणी?

लोक बसायला येणार म्हणून बायकांनी पुढची खोली रिकामी केली. कॉम्प्युटर टेबलासकट अंगणात गेला. दिवसभर उन्हात.

संध्याकाळी वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, ते आत घ्या. दव पडेल."

आत घेतला. वायरी जोडल्या. का जोडल्या, विचारू नका, हाताला सवय. बटण दाबलं.

टीं.

खोलीभर माणसं. सगळ्यांच्या माना वळल्या.

शीतल बायकांमधून उठून आली. "काका, चालू झाला?"

मी हो म्हटलं आणि तिच्यासमोर ढसाढसा रडलो.

नंतर व्हिडिओ बघून कळलं. बोर्डवरचे कपॅसिटर जुने झाले की थंडीत करंट पकडत नाहीत, जरा तापले की चालतात. आम्ही दोघं शहाणे त्याला पंख्याखाली गारठवत होतो. कळलं सगळं. पण पटत नाही. तो गेला त्याच दिवशी का?

लग्न वर्षाच्या आत करायचं ठरलं. तेरावं झाल्यावर बोर्डला ऊन दाखवलं आणि फाईल उघडली. सगळं कार्ड तयार. खाली 'आपला नम्र' आणि वसंताचं नाव.

त्याचे मोठे भाऊ शेजारी बसले होते. म्हणाले, "मास्तर, त्याच्या नावाआधी कैलासवासी लाव. आणि नम्रमध्ये माझं नाव टाक. गेलेला माणूस आमंत्रण कसं देणार?"

बरोबरच होतं त्यांचं. तशी रीतच आहे. मी कर्सर त्याच्या नावापाशी नेला. बोट काही चालेना.

"बाबांनी लावलंय ते," शीतल म्हणाली. एवढंच.

सगळे वहिनींकडे बघायला लागले.

"मुहूर्त टाका भाऊजी, आणि छापा," वहिनी म्हणाल्या. "पोरगी त्यांची आहे. बोलावू दे त्यांना."

पत्रिका गेल्या आणि मला फोनावर फोन. "अरे, वसंता गेला ना? मग हे काय?"

मी म्हटलं, त्याने बोलावलंय, या.

आले रे वसंता. वरोरहून आले, तलासरीहून आले, ज्यांची कार्डं तू लावलीस ते पोरंबाळं घेऊन आले. मांडवात जागा पुरली नाही. तुझ्या जागेवर उभं राहून मी सगळ्यांना हात जोडले.

तू बोलावलंस म्हणून सगळे आले.

शेवटची पंगत उठेपर्यंत मला वाटत होतं, तू पण येशील.

दोस्ता, सुखात राहा. माझा नमस्कार.