दिगूदादाची रविवारची ताटं

दुखवट्याला आलेला माणूस दारात रडतो, चपला काढताना डोळे पुसतो आणि चहा येईपर्यंत म्हणतो, "पण एकदा काय झालं माहितीय का..." आमच्या घरी सध्या हेच चाललंय. जो येतो तो दादाचा एक किस्सा ठेवून जातो. परवा एक पाहुणा सांगता सांगता एवढा हसला, की पलीकडच्या गल्लीतल्या बाईनं विचारलं, "बारसं हाय का हो तुमच्याकडं?"

दादा म्हणजे दिगंबर, माझा थोरला भाऊ. टीव्हीच्या विनोदी मालिका लिहायचा, दोन-तीन सिनेमेही लिहिले. उरलेला वेळ लोकांची दारं वाजवत फिरायचा, दुसऱ्यांच्या पोरांसाठी. मी धाकटा. सातवीत शाळा सोडली, लातूरला टेम्पो चालवतो. लिहिणं हे त्याचं काम होतं. पण तोच गेला आणि मला नुसतं बसवत नाही. टेम्पोत बसलो की बाजूची सीट रिकामी दिसते. म्हणून लिहायला घेतलंय. चुकलं तर तुम्ही दुरुस्त करून वाचा!

*

आम्ही मूळचे नांदेडचे. आई-बाप लवकर गेले, आत्यानं वाढवलं. दादा कॉलेजात असताना गल्लीच्या गणपतीपुढं त्याचं पहिलं नाटक झालं. मंडप सलीमभाईचा. सलीमभाई दादाचा जिवलग दोस्त, त्यांचा बापजाद्यांपासून मंडपाचा धंदा. पडदा ओढायलाही तोच.

नाटकात एक लाइनमन होता, साऱ्या गावावर रुबाब करणारा. तो छाती काढून म्हणतो, "माझ्या एका बोटावर अख्खं गाव अंधारात जाईल!"

त्यानं बोट वर केलं आणि खरोखर लाइट गेली! एकट्या मंडपाची नाही, अख्ख्या भागाची.

टाळ्यांचा कडकडाट झाला. "काय सीन बसवलाय!" दादा पडद्यामागं डोकं धरून बसला. पब्लिक हलेना. त्यांना वाटलं नाटकच चालू आहे. बराच वेळ झाला. शेवटी पहिल्या रांगेतले प्रमुख पाहुणे, म्हणजे वीज ऑफिसातलेच साहेब, अंधारात चाचपडत मागं आले आणि दादाला म्हणाले, "लेखक, लाइट यायचं कितव्या पानावर लिहिलंय?"

*

पुढच्या वर्षी गणपती बोळवले आणि पहाटेच भूकंप झाला. लातूरकडची गावंच्या गावं मातीखाली गेली. सलीमभाईनं होते नव्हते तेवढे तंबू ट्रकमध्ये भरले. दादा वर चढून बसला. "चार दिवसांत येतो," म्हणाला.

मदतीचे ट्रक चहूकडून येत होते. पण कुणी काय पाठवावं! गळ्यातले टाय आले. उंच टाचेच्या सँडल आल्या. एका ट्रकमधून तर नुसते लग्नातले जरीचे कोट उतरले. दुसऱ्या दिवशी दादानं बघितलं तर एक म्हातारा धोतरावर जरीचा कोट घालून ढिगाऱ्यातून भांडी काढून राहिलाय. दादाला हसू फुटलं. त्यानं तोंड फिरवलं, स्वतःचा हात चावला, पण म्हाताऱ्यानं बघायचं ते बघितलंच.

"हस की रे पोरा," म्हातारा म्हणाला. "म्हातारपणी नवरदेव केलं मला. आता नवरी तेवढी परत आणून द्या म्हणावं."

त्याची बायको त्याच ढिगाऱ्याखाली गेली होती. दादा तिथंच मटकन बसला आणि ढसाढसा रडायला लागला. म्हातारा जरीच्या बाहीनं त्याचे डोळे पुसत म्हणाला, "बघा! आला मला धीर द्यायला!"

सलीमभाई तंबू ठोकून परत आला. दादा लातूरलाच राहिला. पुढं मला आणि आत्यालाही त्यानं तिकडंच बोलावून घेतलं. लग्नही तिथंच केलं, वहिनी घरात आली.

*

मग मुंबईच्या मालिकेचं काम मिळालं. निर्माता म्हणे मुंबईत येऊन राहा. दादा म्हणाला, "मी फॅक्सनं पाठवतो." आमच्या चौकात अप्पांचं टेलिफोन बूथ होतं, तिथंच फॅक्सचं मशीन. अप्पा म्हणजे कपाळाला भस्म, गंभीर चेहरा. त्यांना हसताना त्यांच्या बायकोनंही बघितलं नसेल.

एकदा दादानं एपिसोड दिला आणि घरी आला. संध्याकाळी मुंबईहून फोन, "दिगंबर, आजवरचा सगळ्यात भारी एपिसोड! काय फास्ट झालाय!"

दादा फुगला. पेढे घेऊन अप्पांकडं गेला. अप्पांनी पेढा तोंडात टाकला आणि गल्ल्याखालून एक कागद काढून दिला.

"अप्पा, हे तर एपिसोडमधलं पान हाय!"

"हाव. पाठवलं न्हाई."

"का?"

"पाणी घातलेलं होतं."

त्या दिवसापासून दादा लिहिलेलं आधी अप्पांना वाचून दाखवायचा. अप्पा हसायचे नाहीत. आवडलं की नुसते मशीन चालू करायचे!

*

दादाचा पहिला सिनेमा लातूरच्या टॉकीजला लागला. दादानं आत्याला नवीन लुगडं घेतलं, मी टेम्पो धुऊन आणला. सगळे बसलो. अंधार झाला, नावं सुरू झाली. दादाचं नाव आलं आणि गेलं. आत्या त्या वेळी पिशवीतून शेंगा काढून राहिली होती!

"काय? नाव येऊन गेलं?" आत्या उठून उभीच राहिली. मागं वळून ओरडली, "ओ मशीनवाले! पुन्हा लावा! आमच्या पोराचं नाव पळालं!"

लोक ओरडायला लागले. मी आत्याला खाली ओढत होतो, दादा खुर्चीखाली लपत होता. पण टॉकीजचा मॅनेजर दादाच्या ओळखीचा. त्यानं खरंच रीळ थांबवलं आणि पहिल्यापासून लावलं. अख्ख्या टॉकीजनं शिट्ट्या मारल्या. नावं पुन्हा आली. आत्या हात जोडून, डोळे फाडून बघत होती. सगळी नावं संपली. मग ती माझ्या कानाला लागून म्हणाली, "त्यातलं आपलं कुठलं होतं रे?"

आत्याला वाचता येत नाही, हे आम्ही कुणीच लक्षात घेतलं नव्हतं!

*

एव्हाना लातूरला क्लासेसचा पूर आला होता. नायगाव, भोकर, हदगाव, कुठकुठली पोरं डॉक्टर व्हायला इथं येऊन पडली. ज्याच्या घराला चार भिंती होत्या त्यानं मधे पाचवी घातली आणि रूम भाड्यानं दिली. पोरं जेवायला मेसला. आणि मेसचा सगळीकडं एकच कायदा : रविवारी संध्याकाळी बंद!

एका रविवारी दादाला बंद मेसच्या पायरीवर एक पोरगा दिसला. ग्लासातल्या पाण्यात बिस्कीट बुडवून खात पुस्तक वाचत होता.

"काय वाचतोस रे?"

"पचनसंस्था."

"आणि पचवायला काय हाय?"

पोरानं ग्लास दाखवला.

दादानं त्याला घरी आणून जेवू घातलं आणि दुसऱ्या दिवसापासून लोकांची दारं वाजवायला लागला. एका घरानं रविवारी संध्याकाळी एका पोराला जेवू घालायचं, बस्स. 'रविवारचं ताट' हे नाव त्यानंच ठेवलं. पहिल्याच घरी बाईनं दार अर्धं उघडून विचारलं, "पोरगं कोणाचं हाय? म्हंजे, कुठल्यातलं?"

दादा गंभीरपणे म्हणाला, "ताई, बायोलॉजी ग्रुपचं."

बाई विचारात पडली. मग म्हणाली, "मग पाठवा. आमचा भाडेकरू मॅथ्सवाला हाय, लई खातो!"

हळूहळू गल्ल्याच्या गल्ल्या ताटं वाढायला लागल्या. दादाचा नियम एकच होता, आणि त्यात तो विनोद करायचा नाही. "एकदा का पोराला दार बंद दिसलं, की ते पुन्हा येत न्हाई. भूक सोसतं, पण लाज सोसत न्हाई. एक रविवार चुकला की सगळं मोडतं."

*

ताट कुणाच्या घरी लागेल याचा भरवसा नसायचा. एका पोराला लागलं ते त्याच्याच फिजिक्सच्या सरांकडं! सरांना आनंद झाला. बाईंनी पुरणपोळ्या केल्या होत्या. पुढच्या रविवारी पोरगा दादासमोर हात जोडून उभा.

"काका, मला उपाशी ठेवा, पण तिथं पाठवू नका."

"का रे? जेवण चांगलं न्हाई?"

"जेवण लई भारी. पण सर एका पोळीला एक गणित घालतात."

"मग?"

"दोनच पोळ्या खायला मिळाल्या, काका. तिसरी मला सुटली न्हाई!"

*

मग दादाला आजार निघाला. सलीमभाईनं नांदेडच्या दवाखान्यात नेलं. तिथं बाजूच्या खाटेवर पोटाचं ऑपरेशन झालेले एक मास्तर होते. दादा त्यांना एकेक किस्सा सांगायचा आणि मास्तर टाके धरून विव्हळायचे, "अहो बस करा, उसवतंय!" नर्सनं तक्रार केली. डॉक्टर आले, दादाची खाट पार कोपऱ्यात हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर मास्तरांची खाटही कोपऱ्यात! त्यांनी वॉर्डबॉयला पटवलं होतं. नर्स चिडली, "मास्तर, टाके तुटले तर?"

"पुन्हा घाला," मास्तर म्हणाले. "पण कालचा किस्सा अर्धा राहिलाय!"

शेवटी शेवटी दादाला बोलताना दम लागायचा. मला जवळ बोलावून म्हणाला, "रविवार चुकू देऊ नको."

मी त्याच्यावर ओरडलो. म्हणालो, "मला न्हाई जमत. तू बरा हो आणि तूच बघ."

तो हसला. म्हणाला, "बघ, ह्याला म्हणतात ड्रामा. मी कॉमेडीवाला."

दोन दिवसांनी आम्ही त्याला लातूरला आणलं. टेम्पो मीच चालवला.

*

दादा गेला आणि आठवड्याच्या आत रविवार आला.

गल्लीतल्या मोठ्या माणसांनी ठरवलं होतं, दुखवटा आहे, या रविवारी ताटं बंद. दादाच्या मानासाठीच! समोरच्या काकू मला म्हणाल्या, "तुमच्याच घरी सुतक, मग आम्ही कसे वाढणार? बरं दिसतं का?" पोरांनाही निरोप गेला.

मी आत्याला म्हणालो, "आपण आपल्या घरी वाढू."

आत्या म्हणाली, "येडा झालास का? सुतकाच्या घरी परकं माणूस पाण्याला शिवत न्हाई. आणि वाढणार काय? सुतकात वरणाला फोडणी न्हाई, तळण न्हाई, गोड न्हाई."

वहिनी भिंतीला टेकून बसली होती. दादा गेल्यापासून ती ना रडली होती, ना एक शब्द बोलली होती. लोकांचे किस्से ऐकून सगळे हसायचे, ती नुसती फरशीकडं बघायची.

माझं डोकं फिरलं. टेम्पो काढला, रूमच्या गल्लीत नेऊन उभा केला आणि हॉर्न दाबून धरला. पोरं बाहेर आली. "चला जेवायला!" म्हणालो. कुणी हलेना. एकमेकांकडं बघायला लागली. एक जण हळूच म्हणाला, "काका, आज कसं..." मी म्हणालो, "आज बसला न्हाईत तर पुन्हा कधी बसणार न्हाईत. चढा!"

हदगावचा एक लठ्ठसा पोरगा पहिला चढला. दोनदा परीक्षा देऊन तिसऱ्यांदा बसलेला. मग बाकीचे चढले.

पोरं ओसरीवर रांगेत बसली, माना खाली घालून. आत्यानं कपाळावर हात मारून घेतला, पण पातेलं बाहेर आणलं. भाकरी आणि पिवळं, सपक वरण. समोरच्या काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. आणखी दोघी-तिघी आल्या. घास तोंडात जाताना दिसत होता, गिळताना दिसत नव्हता. मला वाटलं, मोडलं. आता ही पोरं पुन्हा यायची नाहीत.

आत्याला राहवेना. हदगावच्या पोरापुढं बसून ती म्हणाली, "लेकरा, राग मानू नको रे. सुतक हाय. ज्या घरचं माणूस जातं ना, तिथं वरणाला फोडणी देत न्हाईत."

पोराच्या तोंडात घास होता. त्यानं मान वर केली, वरणाकडं बघितलं, थोडा विचार केला आणि अगदी काळजीनं म्हणाला, "आत्याबाई, मग आमच्या मेसवाल्याच्या घरी रोजच कुणीतरी जात असंल!"



मग आतून आवाज आला. आधी वाटलं वहिनी रडतेय. ती हसत होती! पदर तोंडात कोंबून, भिंतीला धरून, डोळ्यांतून पाणी गळत ती हसत होती. मग आत्या हसली. मग पोरं. त्या लठ्ठ्याला ठसका लागला.

वहिनी उठली. भाकऱ्यांची टोपली घेऊन ओसरीवर आली. दारात समोरच्या काकू तोंडाचा आ करून बघत होत्या.

वहिनी म्हणाली, "माझ्याकडं काय बघता, काकू? तुमच्या वाटचं पोरगं माझ्या घरी जेवून राहिलंय!"