साड्यांखालचा द्राक्षमळा

मोठेबाबांना, म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाला, जगात एकही शहाणा माणूस भेटला नव्हता. आरशात भेटत असेल तेवढाच. सरकार मूर्ख, व्यापारी चोर, मास्तर नंदीबैल. कापूस लावणाऱ्यांवर तर विशेष लोभ. बोंडअळीने आमचा आर्णीकडचा सगळा भाग पोखरला, त्या वर्षांत ते पारावर बसून म्हणत, "अळीले अक्कल आहे, ते खाऊन तरी जाते. तुम्ही कायले पेरून राह्यले?"

आणि या शहाण्याने लावलं काय? वाइनची द्राक्षं! नाशिककडे लग्नाला गेले, तिथला गारव्यातला मळा पाहिला आणि रोपं घेऊनच उतरले. आमच्या उन्हाचा विषय कुणी काढला की म्हणायचे, "ऊन काय आपला जावई आहे, त्याले मान द्यायले?"

पहिलं पीक बरं आलं आणि त्यांचं नाक आणखी वर गेलं. पण पूर्वी शिवरात्रीपर्यंत घोंगडी लागायची, ती थंडी संक्रांतीलाच गाशा गुंडाळू लागली. रात्रीसुद्धा हवा तापलेली. द्राक्षं घाईघाईने पिकायची, उन्हाकडची बाजू करपायची. शेवटी घडांवर सावलीला जुन्या साड्या बांधायचं ठरलं. त्यासाठी ज्यांना आयुष्यभर हिणवलं, त्यांच्याच दारात जावं लागलं. पहिलं दार शेजारच्या शेतवाल्या सलीमभाईचं. सलीमभाई हसला, पण घरातून गठ्ठा आणून दिला. मोठेबाबा म्हणाले, "रंग पाहून घडं बिचकतीन!" आभार मानायची पद्धत त्यांच्याकडे नव्हतीच.

मळा लग्नाच्या मांडवासारखा दिसू लागला. गाव बघायला लोटलं. मोठेबाबा सगळ्यांना हाकलायचे आणि कुणी आलं नाही तर चिडायचे.

मग वाइन कंपनीचा माणूस आला. त्याने चार मणी चाखले, मान हलवली. उन्हाने गोडी वाढली होती, पण वाइनला लागणारा आंबटपणा उडाला होता. तो माल घेईना.

"आंबट पायजे तर चिंचा घ्या ना!" मोठेबाबा कडाडले. "द्राक्षं कायले मांगता?"

वाटलं, आता तरी वेली उपटतील. छे! एप्रिलची छाटणी स्वतःच करायला निघाले. "पुढच्या साली याच माणसाले हात जोडायले लावतो." मोठीआई, म्हणजे त्यांची बायको, रोज डोक्याला बांधायचा दुपट्टा घेऊन मागे धावायची, ते तो बांधावर फेकून कात्री उचलायचे. एका दुपारी वेलीखालीच कोसळले. सलीमभाईने उचलून गाडीत घातलं, पण दवाखान्यापर्यंत पोचलेच नाहीत.

घडांना ऊन लागू नये म्हणून या माणसाने गावभर पदर पसरला, आणि स्वतःच्या टकलावर हातभर फडकं घेतलं नाही. मला अजून संताप येतो. त्या दिवशी मोठीआई रडता रडता त्यांना शिव्या देत होती, आणि तिला थांबवायला आमच्यापैकी कुणीही पुढे झालं नाही.