कदमबाईंचा संशय

"कशावरून?"

कदमबाई माझ्याशी बोलल्या तो हा पहिला शब्द. येरवड्यातल्या आमच्या सोसायटीत आम्ही नुकतेच राहायला आलो होतो आणि पेढ्यांचा पुडा घेऊन मी समोरच्या दाराची बेल वाजवली होती. दार साखळीपुरतं उघडलं. फटीतून चष्म्याची एक काच आणि पांढऱ्या केसांची बट दिसली. "नमस्कार, मी समोर नवीन राहायला आलोय," असं म्हटलं, तर त्यावर हा प्रश्न. मी गोंधळून मागे वळलो, आमचं उघडं दार दाखवलं, आत खोकी सोडत बसलेली माझी बायको केतकी दाखवली. बाईंनी आम्हा दोघांना नीट पाहून घेतलं.

"पेढे खाली ठेवा. तुम्ही दार लावून घेतलंत की घेते."

शकुंतला कदम हे त्यांचं पूर्ण नाव. जन्म कसब्यातला, नोकरी सत्र न्यायालयात. लघुलेखक म्हणून लागल्या आणि तिथूनच निवृत्त झाल्या. सारं आयुष्य साक्षीदारांची वाक्यं टाईप करण्यात गेलं. लग्न केलं नाही. केतकीने एकदा भीतभीत कारण विचारलं, तर म्हणाल्या, "दोन स्थळं आली होती. दोघांनीही पगार वाढवून सांगितला."

त्यांचा कोणावरच विश्वास नव्हता. भाजीवाल्याच्या काट्यावर नव्हता, गॅसच्या सिलिंडरवर नव्हता, हवामानखात्यावर तर नव्हताच. बुधवार पेठेतून त्यांनी दाराला बसवायचा काचेचा डोळा आणला, सुतार गेल्यावर मला बाहेर उभं केलं आणि आतून ओरडल्या, "अहो भोसले, आता जिन्यात लपा बरं!" मी लपलो. "दिसताय अजून. ठीक आहे." मी खराडीच्या एका कंपनीत कंप्युटरच्या सुरक्षेचं काम करतो हे कळल्यावर त्यांनी माझ्याकडे जरा आदराने पाहिलं. "म्हणजे तुम्हालाही संशय घेण्याचाच पगार मिळतो," म्हणाल्या.

आमच्या भागात घरफोड्या वाढल्या, तेव्हा पोलिसांनी सोसायट्यांबरोबर बैठका सुरू केल्या. दर महिन्याला एका रविवारी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडायच्या, चौकीच्या उपनिरीक्षक मोरे मॅडम यायच्या, आणि नागरिकांनी डोळे उघडे ठेवून पोलिसांना मदत कशी करायची ते सांगायच्या. कामवाल्या, ड्रायव्हर, इस्त्रीवाला, सगळ्यांची पोलीस पडताळणी झाली. व्हॉट्सअ‍ॅपवर एक ग्रुप निघाला. आमचे सेक्रेटरी नगरकर त्या ग्रुपचे सर्वेसर्वा. कोणी फाटकाबाहेर दोन मिनिटं उभं राहिलं की त्याचा फोटो ग्रुपवर. एकदा माझ्या सख्ख्या मेहुण्याचा आला. खाली लिहिलेलं: "संशयास्पद. निळा शर्ट."

कदमबाईंना हे आवडेल असं मला वाटलं होतं. त्यांनी माझ्या फोनवरचा तो फोटो पाहिला आणि तोंड वाकडं केलं. "याला संशय म्हणत नाहीत. याला चुगली म्हणतात. संशय घ्यावा, पण तोंडावर घ्यावा."

मग तिसऱ्या मजल्यावरच्या कुलथ्यांकडे चोरी झाली. कुलूप तुटलेलं नव्हतं, खिडकी शाबूत होती, आणि कपाटातल्या बांगड्या आणि मंगळसूत्र गायब. बाहेरचा चोर आला असता तर भीती वाटली असती. हा आतला होता, किंवा आत येणारा होता, म्हणून भीतीपेक्षा वाईट काहीतरी सगळ्या इमारतीत पसरलं. लिफ्टमध्ये लोक बोलेनासे झाले. शेजारणीकडे किल्ली ठेवून जाणाऱ्या बायका किल्ल्या परत मागू लागल्या. मीही घरी आलो की आमच्या स्वयंपाकाच्या मावशींची पिशवी कुठे ठेवलीय ते बघायचो. केतकीच्या ते लक्षात आलं आणि दोन दिवस ती माझ्याशी धड बोलली नाही.

आठवड्याभरात एक नाव सगळ्यांच्या तोंडी झालं. दिलीप. फाटकाबाहेर पत्र्याच्या टपरीत इस्त्री करणारा, घरोघर कपडे पोचवणारा. पडताळणीत निघालं होतं, की तरुणपणी मोटारसायकल चोरल्याबद्दल त्याने शिक्षा भोगली होती. ही गोष्ट चौकीतच राहायला हवी होती. ती एका हवालदाराने नगरकरांना चहा पिता पिता सांगितली, आणि संध्याकाळी दिलीपचा फोटो ग्रुपवर आला. "सावध राहा" एवढंच लिहिलेलं. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या टेबलावरचा कपड्यांचा ढीग ओसरला. चौकीतून बोलावणी सुरू झाली. त्याची बायको सुनीता एकटीच इस्त्री फिरवत उभी दिसायची. एका सकाळी टपरीचा पत्रा कोणीतरी लाथ मारून वाकवलेला होता.

बाजारातून येताना मी आणि कदमबाई टपरीपाशी आलो. बाई थांबल्या. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि सरळ विचारलं, "दिलीप, कुलथ्यांकडची चोरी तू केलीस का?"

मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. दिलीपने इस्त्री उभी करून ठेवली.

"नाही बाई."

"पूर्वी केली होतीस?"

"केली होती. गाडी चोरली होती. जेल भोगलं." त्याने पलीकडच्या जेलच्या दिशेने मान हलवली. "हितंच."

"मग इथेच का राहिलास? लांब जायचं."

"गेलो होतो बाई. नाशिकला गेलो, तिथंही कुणीतरी सांगितलंच. आता कुठं जाऊ?"

बाईंनी पिशवी उचलली. म्हणाल्या, "माझा तुझ्यावर विश्वास नाही. पण तू चोरी केलीस हेही मला माहीत नाही. उद्या चार साड्या पाठवते. मोजून घेईन."

"घ्या की," दिलीप म्हणाला.

त्यानंतर चौकीतून त्याला बोलावणं आलं की बाईही बरोबर जायच्या. तिथल्या बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसायच्या आणि विचारायच्या, "लेखी बोलावलंय का? नाही? मग किती वेळ बसवणार तेवढं सांगा." त्यांना कोणी जा म्हणू शकलं नाही. परत येताना मात्र त्या दिलीपला पुन्हा विचारायच्या, "केलीस का?" आणि तो पुन्हा नाही म्हणायचा.

पुढच्या बैठकीला पार्किंग भरून गेलं. मोरे मॅडम आल्या, भिंतीपाशी दोन हवालदार उभे राहिले. नगरकर उठले. "मॅडम, सर्वांची अशी भावना आहे, की फाटकाबाहेरची एक विशिष्ट व्यक्ती तिथून हलवावी."

"विशिष्ट म्हणजे कोण?" मागून कदमबाईंचा आवाज आला.

"सगळ्यांना माहीत आहे, बाई."

"मला नाही. नाव घ्या."

नगरकरांनी नाव घेतलं. "मग त्याला बोलवा," बाई म्हणाल्या. "फाटकापाशीच आहे. अहो भोसले, आणा त्याला."

मी गेलो. दिलीपने इस्त्री बंद केली, शर्टाची वरची बटणं लावली आणि काही न विचारता माझ्या मागून आला. इतक्या नजरांमधून त्याच्याबरोबर चालताना माझेच कान तापले. तो पुढे येऊन उभा राहिला. खुर्ची त्याला कोणी दिली नाही.

"आता सांगा," बाई म्हणाल्या. "याला चोरी करताना कोणी पाहिलं? ऐकीव नको. पाहिलेलं."

मग कुलथेवहिनी म्हणाल्या, "पाहिलं नाही, पण त्या दिवशी दुपारी हा कपडे घेऊन आला होता."

"आणखी कोण आलं होतं?"

वहिनी आठवू लागल्या. कुरिअरवाला. नळ दुरुस्त करणारा. नणंदेचा मुलगा.

"आणि मी," बाई म्हणाल्या. "तुमच्या कुंड्यांचं पाणी माझ्या गॅलरीत गळतं म्हणून भांडायला आले होते. तुम्ही आत फोन घ्यायला गेलात. दिवाणखान्यात मी एकटी होते. माझा फोटो का नाही टाकला?"

नगरकर चिडले. "बाई, तुम्ही एका गुन्हेगाराची बाजू घेताय!"

"मी कोणाचीही बाजू घेत नाही. माझाही याच्यावर संशय आहे. मी त्याला तसं सांगितलंय."

मोरे मॅडमनी दिलीपकडे पाहिलं. "खरं?"

"हो मॅडम. सारख्या विचारतात."

कोणीतरी हसलं. मोरे मॅडम मात्र हसल्या नाहीत. "याची जुनी केस तुम्हाला कोणी सांगितली?" त्यांनी नगरकरांना विचारलं. नगरकरांनी नकळत भिंतीकडे पाहिलं. तिथे उभा असलेला एक हवालदार बुटांकडे बघू लागला. मॅडमनी ते टिपलं, आणि त्यावर त्या सगळ्यांसमोर काही बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "ग्रुपवरचा फोटो आत्ता, माझ्यासमोर काढून टाका. तपास आम्ही करू. यापुढे या बैठकीत कोणाचं नाव घ्यायचं असेल, तर काय पाहिलं ते सांगायचं आणि त्या माणसाला समोर बसवायचं." मग त्यांनी स्वतःची खुर्ची दिलीपकडे सरकवली. तो बसला नाही.

निघताना त्या बाईंना म्हणाल्या, "तुम्ही पोलिसात यायला हवं होतं."

"माझा पोलिसांवर विश्वास नाही," बाई म्हणाल्या.

"ते कळलं," मोरे मॅडम म्हणाल्या.

त्या चोरीचा छडा आजतागायत लागलेला नाही. बांगड्या सापडल्या नाहीत, चोरही नाही. टपरी राहिली. काही घरांनी पुन्हा कपडे द्यायला सुरुवात केली, काहींनी कधीच दिले नाहीत. मीसुद्धा बरेच दिवस शर्ट देताना खिसे दोनदा तपासत होतो. बैठकीचा नियम मात्र टिकला, आणि त्या नियमामुळे बैठकीतली निम्मी नावं आपोआप गळाली. तोंडावर म्हणायची वेळ आली, की लोकांना आपण नेमकं काय पाहिलं ते आठवत नसे.

यंदाच्या हिवाळ्यात बाईंना हृदयविकाराचा झटका आला. दवाखान्यात नर्स इंजेक्शन घेऊन आली, तर बाईंनी बाटलीवरचं नाव मला मोठ्याने वाचायला लावलं. पाच दिवसांनी त्या गेल्या.

शोकसभा पार्किंगमध्येच झाली. मोरे मॅडम साध्या साडीत येऊन मागे बसल्या. नगरकर भाषणात म्हणाले, की कदमबाईंचं काळीज फार मोठं होतं, माणसांवर त्यांचा गाढ विश्वास होता, म्हणून तर त्यांनी दिलीपसारख्याला जवळ केलं.

खांबाजवळ उभा असलेला दिलीप पुढे आला. त्याला कोणी बोलायला सांगितलं नव्हतं.

"साहेब, तसं नव्हतं," तो म्हणाला. "बाईंचा माझ्यावर विश्वास नव्हता. शेवटपर्यंत साड्या मोजून घ्यायच्या. पण तुम्ही सगळ्यांनी मला चोर म्हटलं. बाईंनी विचारलं."

मग बाईंच्या फोटोला हात जोडून तो आपल्या टपरीकडे गेला.