एसटीतून आलेली कानबाई

सुनंदाबाई आमच्या कन्याशाळेत सातवीला मराठी शिकवायच्या. मी अमळनेरला नोकरीला लागले तेव्हा त्यांना तिथं अकरा वर्षं झाली होती. अंगानं बारीक, आवाज इतका हळू की शेवटच्या बाकावरच्या मुलीसुद्धा पुढं सरकून बसायच्या. मधल्या सुट्टीत त्या एका जाड वहीत काहीतरी लिहीत असत. मला वाटे, पाठाचं टाचण काढतात. ती मुलांसाठीची कादंबरी आहे हे मला दोन वर्षांनी कळलं, आणि तेही त्यांनी शुद्धलेखन तपासायला दिली म्हणून.

वर्गात एका मुलीनं त्यांना विचारलं होतं, "बाई, कानबाई आत्ता कुठं असते?" त्याचं उत्तर शोधायला बाईंनी चार वर्षं आणि सहा वह्या घातल्या.

आमच्या खानदेशात श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. नारळ हीच देवी. तिला नटवायचं, गाणी म्हणायची, सोमवारी निरोप द्यायचा आणि तोच नारळ पुढच्या वर्षासाठी जपून ठेवायचा. सुनंदाबाईंच्या कादंबरीत धुळ्याच्या एका घरातला हा पिढ्यानपिढ्यांचा नारळ जळगावला नेताना एसटीत हरवतो. आणि दुसऱ्या दिवशी त्याच गाडीत निळा परकर आणि लाल रिबीन घातलेली चौदा वर्षांची एक मुलगी येऊन बसते. कंडक्टर अर्धं तिकीट द्यावं की पूर्ण म्हणून वय विचारतो, तर ती म्हणते, मोजलं नाही कधी. पुढं तिला अश्वत्थामा भेटतो. कपाळाच्या जखमेवर घालायला तेल हवं म्हणून तो रेशनच्या रांगेत उभा असतो आणि त्याच्याकडे कार्ड नसतं. मी हे रात्री जेवणानंतर वाचायला घेतलं आणि भांडी तशीच राहिली.

पुस्तक जळगावला प्रकाशचंदजींच्या छापखान्यात गेलं. ते व्यापारी माणूस, पण मुलांच्या पुस्तकांची त्यांना हौस. सगळं सुरळीत चाललं होतं. नव्वद पानं जुळून झाली आणि शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणारा उखर्डू हातातलं काम ठेवून उठला. हे पान मी जुळवणार नाही, म्हणाला.

त्या पानावर कानू नावाची ती मुलगी यावलच्या रस्त्यावर उतरते. दुष्काळी काम चालू असतं. गुंता नावाची सातपुड्यातली एक मुलगी खडी फोडत बसलेली असते, सकाळपासून उपाशी. कानू आपल्या फडक्यातला रोट सोडते आणि तिला अर्धा देते.

उखर्डूच्या घरी कानबाई बसत होती, म्हणूनच तो थांबला. रोट म्हणजे देवीचा प्रसाद, पण तो वाटायचा प्रसाद नाही. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू काढायचे, ते दळून रोट करायचे आणि ते एका कुळातल्या भाऊबंदांनीच खायचे. शेजाऱ्याला नाही, लग्न होऊन गेलेल्या लेकीला नाही. उरला तर दुसऱ्या दिवशी आपणच खायचा. बाहेर जाऊ द्यायचा नाही.

सुनंदाबाईंना हे माहीत नव्हतं असं कसं म्हणू? लग्नापासून दरवर्षी त्या स्वतः रोट भाजत होत्या. पण लिहिताना त्यांच्या डोळ्यांपुढं शाळेच्या वाटेवर पाहिलेली खडी फोडणारी पोर होती. हात आपोआप पुढं झाला, असं त्या मला म्हणाल्या.

ही गोष्ट त्यांच्या चुलत सासऱ्यांपर्यंत, पितांबर नानांपर्यंत गेली. नाना भाऊबंदांत सगळ्यांत वडीलधारे. ते घरी आले आणि चहा न घेता बसले. देवीला तिकीट काढायला लावलंत, आता रेशनकार्डही काढून द्या, म्हणाले. मग म्हणाले की हे पान छापलं तर यंदा रोटाच्या पिठाला सुनबाईंनी हात लावू नये.

त्या टोमण्यानं बाईंना काही झालं नाही. पिठाचं मात्र मनाला लागलं. आणि त्याहून आत एक भीती होती, ती त्यांनी मला फळ्यावर लिहिताना सांगितली, माझ्याकडे न बघता. मी देवीच्या नावानं खोटं लिहिलं असेल तर? चार वर्षं तिचंच नाव घेत होते आणि तिलाच बाटवलं असेल तर? मीसुद्धा रोज देवापुढं दिवा लावणारी बाई. पान काढून टाका, असं मीच म्हणाले. तर त्या म्हणाल्या, ते काढलं तर मग बाकीचं कशाला ठेवायचं?

प्रकाशचंदजींनी निरोप पाठवला. खिळे अडकून पडलेत, दुसरी कामं खोळंबलीत, गुरुवारपर्यंत काय ते कळवा. नाहीतर जुळवलेली पानं सोडून खिळे मोकळे करावे लागतील.

बुधवारी शाळा सुटल्यावर बाई मला घरी घेऊन गेल्या. सासूबाई धुरपदाबाई ओटीवर गहू निवडत होत्या. रविवार जवळ आला होता. सत्तरीच्या पुढच्या, नाकात मोठी नथ, अक्षरओळख नाही. पण कानबाईची सगळी गाणी त्यांना तोंडपाठ, आणि सुनंदाबाईंच्या कादंबरीतल्या निम्म्या गोष्टी त्यांच्याकडूनच आलेल्या. सून काहीतरी लिहिते एवढंच त्यांना ठाऊक होतं. नानांनी मात्र आदल्याच दिवशी त्यांना त्या पानाचं सांगितलं होतं.

सुनंदाबाई वही हातात घेऊन उभ्याच राहिल्या. त्यांना वाचवेना. धुरपदाबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तू वाच, माय. बठ्ठं वाच, मधलं सोडू नको."

मी वाचलं. कंडक्टरशी बोलणं आलं तेव्हा म्हातारी हसली. अश्वत्थाम्याच्या रांगेला नुसती मान हलवली. मग गुंताचं पान आलं. सुपातले हात थांबले. मी शेवटपर्यंत वाचलं.

धुरपदाबाईंनी एक खडा उचलून अंगणात टाकला. मग सुनेला विचारलं, "तुन्ही ती खडी फोडनारी पोरगी, तिना नावनी मूठ कोन्ही काढी का?"

सुनंदाबाई म्हणाल्या, नाही आत्या. ती तर बाहेरची.

"मी बी बाहेरनीच शे," धुरपदाबाई म्हणाल्या. "साक्रीकडनी. मना नावनी मूठ या घरमा कधी कोन्ही काढी? तुना नावनी काढी? आन् आपन दोन्ही रोट खातस."

आणि सूप पुन्हा हलवत, जसं काही मीठ कमी आहे एवढंच सांगावं, तसं म्हणाल्या, "तिना नावनी सव्वा मूठ काढ. पहिले काढ, मंग रोट दे. मंग ती आपलीच."

सुनंदाबाई ओटीवर बसल्या. रडतील असं मला वाटलं, पण त्या पेन मागायला लागल्या. माझ्या पर्समध्ये लाल शाईचं होतं, वह्या तपासायचं. त्यानंच त्यांनी तिथं लिहिलं. रोट करायच्या दिवशी, ज्या घरी ती थांबलेली असते तिथं, कानू सगळ्यांच्या मुठी झाल्यावर आणखी सव्वा मूठ काढते. घरातले विचारतात, ही कुणाची? ती म्हणते, वाटेत भेटेल तिची. अवघ्या चार ओळी, त्याही साठाव्या पानावर घालायच्या.

गुरुवारी सकाळच्या गाडीनं आम्ही जळगावला गेलो. माझी रजा होती म्हणून मी सोबत. प्रकाशचंदजींनी चार ओळी वाचल्या आणि उखर्डूला बोलावलं. साठावं पान सोडून पुन्हा जुळवावं लागेल म्हणून तो कुरकुरला. मग त्यानं कागद उजेडाकडे धरून वाचला, ओठ हलवत. कुणाची कल्पना, त्यानं विचारलं. सासूबाईंची, असं बाई म्हणाल्या. त्यानं कागद खिळ्यांच्या पेटीवर टाचला आणि खिळे उचलायला सुरुवात केली. बाईंनी तिथंच एका बाकड्यावर टेकून डोळे मिटले. आठ दिवसांत त्यांना झोप नव्हती. यंत्राचा एवढा खडखडाट चालू असताना त्या तासभर गाढ झोपल्या. प्रकाशचंदजींनी चहा मागवला तरी मी उठवलं नाही.

रविवारी पितांबर नाना आले. सुनंदाबाई रोटाचं पीठ मळत होत्या. ते दारात थांबले, वहिनींकडे, म्हणजे धुरपदाबाईंकडे बघितलं. त्यांनी नानांना पाट दाखवला. नाना बसले.