पुष्पलताबाईंचा दुसरा साचा

दांडी गावच्या पुष्पलता पागधरे यांनी तीस वर्षं बोंबील वाळवले आणि बोईसरच्या बाजारात बसून विकले. गेल्या वर्षी त्यांची डावी नाकपुडी बंद झाली. आधी सर्दी वाटली, मग रक्त येऊ लागलं, मग डावा डोळा किंचित पुढे आला. पालघरच्या डॉक्टरांनी मुंबईला पाठवलं, तिथून त्या नवी मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात पोचल्या. नाकामागच्या पोकळीत कॅन्सरची गाठ होती, डोळ्याला आणि मेंदूला खेटून. कापून काढण्यासारखी नव्हती.

"प्रोटॉनचा झोत देऊ," डॉक्टरबाई म्हणाल्या. "नेहमीचे किरण आरपार जातात. हा झोत आपण ठरवू तेवढ्याच खोलीवर थांबतो. डोळा वाचवता येईल."

तारापूरच्या अणुकेंद्राच्या शेजारी आयुष्य काढलेल्या बाईंना किरण हा शब्द नवा नव्हता. त्यांनी एवढंच विचारलं, "किती दिवस?"

"तेहतीस. शनिवार-रविवार सोडून."

रोज सकाळी मुलगी दिशा त्यांना धर्मशाळेतून घेऊन यायची. टेबलावर निजवलं की टेक्निशियन जितेश तोंडावर जाळीचा साचा बसवायचा. तो त्यांच्याच चेहऱ्यावर घडवलेला होता आणि कडांनी टेबलाला अडकायचा. डोकं जरासुद्धा हलू नये म्हणून. मग यंत्र डोक्याची चित्रं काढायचं, जितेश ती आधीच्या चित्रांशी ताडून बघायचा आणि त्यानंतरच झोत यायचा. झोत दुखत नव्हता. पण तिसऱ्या आठवड्यात तोंड आतून सोलून निघालं, पेजही गिळवेना. गाल बसले.

सतराव्या दिवशी धर्मशाळेच्या जिन्यात त्यांना फिनाईलचा वास आला. कितीतरी महिन्यांनी डाव्या नाकपुडीतून वारा आत गेला होता. साचाही सैल लागत होता.

"मावशी, काही वेगळं वाटतंय?" जितेशने रोजच्यासारखं विचारलं.

"नाय रे."

सांगितलं तर दिवस वाढतील, एवढंच त्यांच्या मनात होतं. दुसऱ्या दिवशीही त्या गप्प राहिल्या.

एकोणिसाव्या दिवशी चित्रं काढून झाली, पण झोत आला नाही. जितेशने साचा सोडवला आणि डॉक्टरबाईंनी मायलेकींना पडद्यासमोर बसवलं.

"ही पहिल्या दिवशीची पोकळी, गाठीने भरलेली. ही आजची, अर्धी रिकामी. गाठ आक्रसतेय."

"मग चांगलंच ना?" दिशा म्हणाली.

"चांगलंच. पण झोताची खोली भरलेल्या पोकळीवरून ठरवली होती. आता वाटेत गाठीऐवजी हवा आहे, म्हणजे तो पुढे मेंदूत घुसेल. नवा साचा, नवा स्कॅन, नवी आखणी करावी लागेल. काही दिवस थांबू."

"माला ठावं होतं," पुष्पलताबाई हळूच म्हणाल्या. "वास येत होता."

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. त्यांनी मागच्या दोन दिवसांची चित्रं पुन्हा तपासली. तोवर फारसं बिघडलं नव्हतं. रागावली ती दिशा, बाहेर आल्यावर. "आई, दोन दिवस गप्प बसलीस?"

"दमले गो मी. पुन्ना त्यो साचा नको. घरी ने माला."

दिशाही थकली होती. तिने आईला दांडीला नेलं.

घरी पुष्पलताबाई नुसत्या पडून राहिल्या. अंगणात बोंबील वाळत होते, तो वास आता सहन होईना. दुसऱ्या दिवशी जाऊ येसूबाई उशाशी येऊन बसली.

"पुढं काय?"

"काय नाय. जालं तेवडं पुरं."

येसूबाईने पुष्पलताबाईंचा उजवा डोळा तळहाताने झाकला आणि दुसऱ्या हाताची बोटं समोर धरली. "किती?"

"तीन."

"दिसतंय मग. यो डोला ठेवायचा हाय का नाय?"

"तुला बोलाया काय जातं," म्हणत पुष्पलताबाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. संध्याकाळी जेवायला उठल्या नाहीत. सकाळी मात्र त्यांनी दिशाला फक्त "चल" म्हटलं. आवाजात उमेद अशी नव्हती.

नवा साचा घडवताना गरम, ओली जाळी सोललेल्या गालांवर बसली तेव्हा त्या रडल्या. रडताना चेहरा हलला आणि साचा वाया गेला. जितेशने दुसरी जाळी गरम पाण्यात टाकली. त्यांचं रडणं थांबेपर्यंत तो स्टूल ओढून शेजारी बसून राहिला.

उरलेले पंधरा दिवस नव्या आखणीवर झाले. आणखी एकदा चित्रं जुळली नाहीत, तेव्हा दोन दिवस थांबावं लागलं. त्या वेळी पुष्पलताबाई धर्मशाळेतच राहिल्या.

आता सहा महिने झालेत. डोळा शाबूत आहे. गाठीच्या जागी छोटासा डाग उरलाय. तो जिवंत आहे की मेलेला, हे दर तीन महिन्यांच्या स्कॅनमध्ये बघतात. तोंडाला लाळ सुटत नाही, म्हणून भात कालवणात बुडवून खावा लागतो. दिशा कंपनीत परत रुजू झाली. बोंबील घेऊन बाजारात येसूबाई जाते.

परवा बेटेगावची एक ओळखीची बाई भेटायला आली होती. "बरी जालीस का?" तिने विचारलं.

पुष्पलताबाईंनी थोडा विचार केला. "दिसतंय, चालतंय. पुढलं स्कॅनला कलेल," त्या म्हणाल्या, आणि तिच्यासाठी चहा ठेवायला सांगून आत जाऊन आडव्या झाल्या.