वन्संचा पलंग

गेल्या हिवाळ्यात माझ्या नणंदेचं मोतीबिंदूचं ऑपरेशन इथं शहरात करायचं ठरलं. वन्सं सिल्लोडकडच्या एका खेड्यात मुलाकडे राहतात. आधीच्या तपासण्या आणि नंतरची विश्रांती धरून महिनाभर तरी त्यांचा मुक्काम आमच्याकडे होणार होता. गारखेड्यातल्या आमच्या फ्लॅटमध्ये पलंग एकच, तो आमच्या खोलीत. आलंगेलं माणूस कायम खाली गादी टाकून झोपायचं, वन्संही तशाच झोपायच्या. पण आता त्यांचे गुडघे गेले होते. खाली बसल्या तर उठवायला दोन माणसं लागायची.

पलंग घ्यायचा हे यांनीच ठरवलं. एरवी घरातली साधी उशी बदलायची तरी हे चालढकल करतात, पण बहिणीचं नाव निघालं की यांच्यात वारं संचारतं. सासूबाई लवकर गेल्या, तेव्हा वन्संनीच यांना वाढवलं. त्यामुळे मी विरोध केला नाही. एवढंच म्हटलं, की एक फोन करून वन्संनाच विचारा, त्यांना कसा बरा पडेल.

"तिला विचारलं की ती म्हणणार, काही नको," हे म्हणाले. "मग काय करशील?"

तेही खरं होतं. मी गप्प बसले, आणि तिथंच चुकलं.

औरंगपुऱ्यातल्या दुकानात आम्ही रविवारी गेलो. मला साधा, चार पायांचा लाकडी पलंग हवा होता. दुकानदार तो दाखवायलाच तयार नव्हता. आजकाल असले कुणी घेत नाही, म्हणे. त्यानं आम्हाला खालून पेटीसारखे बंद असलेले, आत सामान ठेवायचे पलंग दाखवले. झाकण वर उचलून दाखवलं, रजया कुठं राहतील ते सांगितलं. हे प्रत्येक पलंगाच्या पोटात डोकावून बघत होते, जणू वन्सं आत झोपणार होत्या. "भाभी, बैठके तो देखो," दुकानदार म्हणाला. मी बसले. पाय जमिनीला नीट टेकले. वन्सं माझ्याहून बऱ्याच ठेंगण्या, पण एवढं चालेल असं वाटलं. पलंगावर तेव्हा गादी नव्हती, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

गादी दुसऱ्या दुकानातून घेतली. मी चादरी बघायला शेजारी गेले तेवढ्यात यांनी तिथली सगळ्यात जाड गादी ठरवून टाकली. म्हाताऱ्या माणसांच्या कमरेला हीच चांगली, असं त्या माणसानं सांगितलं होतं. त्या जाडीला मी घेतलेल्या चादरी पुरणार नव्हत्या. त्या परत करून कडेला इलॅस्टिक असलेल्या घ्याव्या लागल्या.

पलंग चार दिवस आलाच नाही. रोज फोन केला की गाडी निघाली म्हणायचे. आला तो सुटा, आणि जोडणारा मिस्त्री दुसरीकडेच अडकलेला. वन्सं यायच्या त्या सकाळी तो उगवला. मी पोळ्या लाटता लाटता त्याला पाने, फडकं, पाणी देत होते, आणि हे दारात उभं राहून त्याला सूचना देत होते. त्या दिवशी मला शाळेतून रजा घ्यावी लागली. यांना लागली नाही, कारण हे निवृत्त आहेत. तरी चादर घालायचं काम माझ्याकडेच आलं. एक कोपरा बसवला की दुसरा सुटायचा.

दुपारी वन्सं आल्या. यांनी त्यांना हाताला धरून थेट त्या खोलीत नेलं. वन्संनी पलंगाकडे पाहिलं, मग हात टेकून कशाबशा वर चढल्या. बसल्या तेव्हा त्यांचे पाय जमिनीपासून चांगले वीतभर वर लोंबत होते.

"लई छान हाय," त्या म्हणाल्या. यांचा चेहरा उजळला. मला पाय दिसत होते, यांना दिसत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन गेले तर चादरीला एक सुरकुती नव्हती. वन्सं खिडकीजवळच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसल्या होत्या. पाय सुजले होते. रात्र तिथंच काढली होती.

मी विचारलं तर म्हणाल्या, "चढले तर उतरता येत नाय बाई. रातीला उठावं लागतं. तुम्हाला कशाला उठवू?"

मला रागच आला. यांचा आला, माझा आला, आणि खरं सांगायचं तर त्यांचाही आला. एवढा खटाटोप करून पाहुणी खुर्चीत झोपली होती, आणि तोंडानं म्हणत होती लई छान.

यांना सांगितलं तर हे बाथरूममधलं स्टूल घेऊन आले. मी म्हटलं, डोळ्याला पट्टी बांधलेली बाई अंधारात स्टुलावर पाय देणार, आणि मग आपण मोतीबिंदूबरोबर खुब्याचंही ऑपरेशन करू. मग हे म्हणाले, सुतार बोलावून पाय कापून घेऊ. मी नुसतं पलंगाकडे बोट दाखवलं. पेटीच ती, तिला पाय होते कुठं?

दुकानदारानं गादी परत घ्यायला नकार दिला, प्लॅस्टिक काढलं होतं म्हणून. शेवटी आम्ही दोघांनी ती गादी ओढून काढली आणि भिंतीला उभी केली. फळीवर घरातली जुनी पातळ गादी टाकली. यांना ते सहन होईना. बहिणीसमोर उभं राहून म्हणाले, "लहानपणी घरात एकच खाट होती. तू मला तिच्यावर निजवायचीस आणि स्वतः खाली जमिनीवर. मला तुला एकदा तरी चांगल्या पलंगावर झोपलेलं बघायचं होतं."

हे मला लग्नाला इतकी वर्षं होऊन माहीत नव्हतं. मी उशी हातात धरून तशीच उभी राहिले.

वन्संनी जरा आठवून बघितलं. मग अगदी शांतपणे म्हणाल्या, "आरं, त्या खाटंत लई ढेकणं होती. म्हणून मी खाली निजायची."

हे बाहेर जाऊन पेपर उघडून बसले.

वन्सं त्या दिवशी दुपारी पलंगावर आडव्या झाल्या आणि चांगल्या संध्याकाळपर्यंत घोरत पडल्या. ऑपरेशन नीट झालं. महिनाभर जाड गादी हॉलच्या भिंतीला टेकून उभी होती, आणि येणारा प्रत्येक माणूस घर बदलताय का म्हणून विचारत होता. नव्या चादरी पातळ गादीवर सैल व्हायच्या आणि सकाळी गोळा होऊन वन्संच्या पायाशी पडलेल्या असायच्या. मी रोज त्या ओढून नीट करायची आणि रोज मनातल्या मनात यांच्याशी भांडायची. मोठ्यानं मात्र भांडले नाही. ढेकणांचं ऐकल्यावर यांचा चेहरा जसा झाला होता, तो बघून ते जमलं नाही.