तिरकी कापलेली जाळी

आमची मामी तारेची जाळी विणणाऱ्या कारखान्यात तपासनीस आहे. तिथे तिला ताणकाकू म्हणतात. जाळीची पट्टी यंत्रात धरून ती किती ओढ सोसते हे पाहिल्याशिवाय ती काही पुढे सोडत नाही. घरी मामाचीही रोज तीच गत होते, असं आम्ही म्हणतो. सव्वीस वर्षांत तिने पास केलेला माल एकदाही परत आलेला नव्हता. हे ती दिवसातून एकदा तरी ऐकवायची, आणि खरं सांगू, मला ते ऐकायला आवडायचं.

त्या सोमवारी भंगाराच्या पिंपात तिला जाळीचे त्रिकोणी तुकडे दिसले. सरळ कापलं की पट्ट्या उरतात, त्रिकोण नाही. तिने कापणाऱ्याला हाक मारली.

"हे कुठले रे?"

"काकू, शेवटचे तुकडे चौकटीला आखूड पडत होते. मग कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरके धरून कापले. चार चौकटी झाल्या की!" गडी शाबासकीची वाट बघत उभा.

मामीने एक तुकडा उचलला. तारेच्या दिशेने ओढला, तो हललासुद्धा नाही. तिरका ओढला, तर चौकोनी घरं चपटी झाली आणि तुकडा लांबत गेला. तपासणीची पट्टी सरळ कापलेली होती, म्हणून ती पास झाली. चौकटींच्या तिने फक्त कडा पाहिल्या होत्या. बारीक विणीतला तिरकेपणा नजरेतून सुटला होता.

त्या चौकटी एका गोदामात बसवूनही झाल्या होत्या. वरून सामान वाहणारा पट्टा, मध्ये पडलेलं सामान झेलायला जाळी, खाली माणसं.

साहेब म्हणाले, "तक्रार आलीय का? मग कशाला उगाच हात दाखवून अवलक्षण? आली तर बघू."

"तक्रार करायला खालचा माणूस शिल्लक तर राहायला हवा!" मामी कडाडली. साहेबांच्याच टेबलावरचा फोन उचलून तिने गोदामाला लावला.

"आधी जाळीखालची माणसं हलवा. त्या चार चौकटी कच्च्या आहेत. झोळीसारख्या लोंबतील."

पलीकडचा माणूस भडकला. "अहो, पास कुणी केल्या या?"

मामीचा आवाज जरासुद्धा खाली आला नाही.

"मी केल्या. आणि नव्या घेऊन मीच येतेय."